जुनी यंत्रे चालती ठेवणारे

महाविद्यालयाच्या भांडारात 'डेड स्टॉक रजिस्टर' नावाची एक जाड वही असते. प्रयोगशाळेतले प्रत्येक टेबल, प्रत्येक गॅल्व्हानोमीटर आणि प्रत्येक संगणक एकदा तिच्यात नोंदला जातो आणि काही वर्षांनी समितीच्या ठरावाने तिच्यातून वजा होतो. या वजा होण्याला सरकारी भाषेत 'निर्लेखन' म्हणतात. यादी निघते, प्राचार्यांची सही होते, लिलाव पुकारला जातो आणि भंगारवाल्याचा टेंपो दारात उभा राहतो. वस्तू चालू आहे की बंद, हा प्रश्न बहुधा विचारला जातो. पण त्या वस्तूत साठलेली विद्या तिच्याबरोबर टेंपोत चढते आहे की काय, हे विचारणारा रकाना कोणत्याही यादीत नसतो. प्रस्तुत लेख त्या न छापलेल्या रकान्याविषयी आहे.

जगात काही माणसे असा रकाना पदरमोड करून भरीत बसली आहेत. १९७० आणि १९८० च्या दशकांतले 'मिनिकॉम्प्युटर', म्हणजे लघुसंगणक, ती घरात, गॅरेजमध्ये किंवा मंडळाच्या भाड्याच्या खोलीत आणून दुरुस्त करतात, चालवतात आणि एवढ्यावर न थांबता ते एकमेकांस जोडतात. अशा लोकांना आपण 'हौशी' म्हणतो आणि हौशी म्हटले की विषय संपला असे मानतो. माझे मत निराळे आहे. हे लोक जे करतात ते महाविद्यालयांनी करावयाचे काम आहे, आणि आपल्याकडे ते करण्याची पात्रता नाही असेही नाही. उज्जैनला शंभर वर्षांपूर्वी ते एकदा झालेले आहे. त्याकडे पुढे वळू.

'लघु' हा शब्द मात्र फसवा आहे. हा संगणक चांगला कपाटाएवढा असे. त्याच्या आधीचे मोठे संगणक अख्खे दालन व्यापीत, त्यांना वातानुकूलन लागे, आणि कार्यक्रम लिहिणाऱ्याने कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यावा व दुसऱ्या दिवशी उत्तर घ्यावे अशी रीत होती. गाभाऱ्यात पुजाऱ्यानेच जावे तशी. लघुसंगणकाने तो गाभारा उघडला. अमेरिकेत मेनार्ड या गावी लोकरीच्या जुन्या गिरणीत १९५७ साली स्थापन झालेल्या 'डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन' ऊर्फ 'डेक' या कंपनीने १९६५ मध्ये पीडीपी-८ हे यंत्र १८,००० डॉलरला विकायला काढले. रक्कम लहान नव्हती, पण एखाद्या विद्यापीठाच्या एका विभागाला ती झेपू लागली. १९७० मध्ये सोळा बिटांचे पीडीपी-११ आले, १९७७ मध्ये व्हॅक्स आले. आपल्याकडे हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने याच काळात टीडीसी-१२, टीडीसी-३१२ आणि टीडीसी-३१६ अशी स्वदेशी यंत्रे काढली.

आपला दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी जी 'सी' भाषा घोकतो ती १९७० च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत पीडीपी-११ वर घडली. युनिक्स ही कार्यप्रणाली पीडीपी-७ वर जन्मली आणि पीडीपी-११ वर वाढली. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. सी भाषेतले दोन अधिकचिन्हांचे वाढ-चिन्ह हे पीडीपी-११ च्या एका सोयीवरून आले, असे वर्गात सर्रास सांगितले जाते. डेनिस रिची यांनी स्वतः ते खोडून काढले आहे: ते चिन्ह आधीच्या 'बी' भाषेत होते आणि तेव्हा पीडीपी-११ अस्तित्वातच नव्हते. जुने यंत्र डोळ्यांसमोर नसले की त्याच्याविषयी दंतकथा किती सहज तयार होतात, याचा हा लहानसा दाखला.

यंत्र चालते ठेवणे म्हणजे त्यावरची धूळ पुसणे नव्हे. चाळीस-पन्नास वर्षे पडून राहिलेल्या यंत्राला एकदम वीज जोडली तर वीजपुरवठ्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुटण्याचा संभव असतो. म्हणून जाणता माणूस दाब हळूहळू चढवीत नेतो, लंघन केलेल्याला आधी पेज द्यावी तसा. हवेच्या गाळणीतला फोम कुजून त्याचा भुगा झालेला असतो. डिस्कचे हेड फिरत्या तबकडीवर केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर तरंगते, तेव्हा तो चिमूटभर भुगा तबकडी खरवडून काढायला पुरतो. रबरी पट्टे चिकट होऊन कप्पीला धरून बसतात. उलट, फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओवून केलेली त्या काळची 'कोअर' स्मृती वीज गेली तरी आपला मजकूर धरून ठेवते. पूर्वीच्या मालकाने शेवटचा चालवलेला कार्यक्रम दशकांनंतरही तिच्यात सापडू शकतो. हे सारे दुरुस्त करणे शक्य होते त्याचे मुख्य कारण एकच. डेकने आपल्या यंत्रांच्या विद्युत्‌मंडलांचे संपूर्ण आराखडे आणि देखभालीची पुस्तके छापून दिलेली होती. कोणता ट्रान्झिस्टर कोणत्या पट्टीवर आणि त्या पट्टीच्या कोणत्या टोकाला किती व्होल्ट हवेत, हे कागदावर आहे. आज आपल्या खिशातला फोन डिंकाने बंद केलेला असतो आणि त्याचा आराखडा मागण्याची कल्पनाही आपल्या मनात येत नाही.

या यंत्रांना एकमेकांशी बोलण्याची स्वतःची भाषा होती. 'डेकनेट' हे तिचे नाव. १९७५ मध्ये दोन पीडीपी-११ जोडण्यापासून तिचा आरंभ झाला, आणि १९८० च्या दशकात तिच्या चौथ्या आवृत्तीने पुष्कळ प्रयोगशाळा व कारखाने बांधले. या आवृत्तीत पत्ता सोळा बिटांचा असतो: सहा बिट विभागासाठी, दहा बिट त्या विभागातल्या यंत्रासाठी. म्हणजे ६३ विभाग, आणि प्रत्येक विभागात फार तर १०२३ यंत्रे. साऱ्या जगासाठी एवढेच पत्ते! यंत्राचे नावही सहा अक्षरांच्या आत बसवावे लागते. आजच्या इंटरनेटपुढे ही पिंपळाच्या पारावरची पंचायत वाटेल. पण स्वीडनमधल्या उप्साला येथील 'अपडेट' या संगणक-मंडळाच्या वर्तुळातून या शतकाच्या पहिल्या दशकात जे हौशी जाळे उभे राहिले, ते याच भाषेवर. त्याचे नाव 'हेकनेट'. एखाद्याने आपले जुने व्हॅक्स किंवा पीडीपी-११ जागे केले की तो पत्ता मागतो, विभाग आणि क्रमांक ठरवून मिळतो, आणि त्याच्या यंत्राचे डेकनेटचे संदेश आजच्या इंटरनेटच्या लखोट्यात घालून दुसऱ्या टोकाच्या जुन्या यंत्राकडे पोचवले जातात. दोन्ही टोकांच्या यंत्रांना मधल्या इंटरनेटची गंधवार्ता नसते. आपण एकाच तारेवर आहोत असे त्यांना वाटते.

उप्सालाचे नाव निघालेच आहे तर सांगतो. तिथल्या विद्यापीठाची वेधशाळा अँडर्स सेल्सियस यांच्या खटपटीने १७४१ मध्ये उभी राहिली. तापमापकावर ज्यांचे नाव आहे तेच हे सेल्सियस. त्याच सुमारास इकडे सवाई जयसिंहाच्या पाच वेधशाळा उभ्या होत्या. दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन. एकच वेधशाळा भव्य बांधून जयसिंह थांबला नाही. एका जागी घेतलेला वेध खरा की खोटा हे दुसऱ्या जागी पडताळता यावे, म्हणून पाच ठिकाणी बांधल्याचे त्याच्या पंचांगग्रंथाच्या प्रस्तावनेतच सांगितले आहे. उज्जैन त्यात असणे स्वाभाविक होते. भारतीय ज्योतिषाची मूळ रेखांशरेषा उज्जयिनीवरून जाते असे मानले जाई, आणि जयसिंह माळव्याचा सुभेदारही होता. म्हणजे पाच केंद्रे, सारखी यंत्रे, आणि परस्परांत पडताळा. आजच्या भाषेत हे जाळेच झाले.

मग काय झाले? जयसिंह १७४३ मध्ये वारला आणि जाळे तुटले. राजाश्रय एका माणसाचा होता, तो त्याच्याबरोबर गेला. मथुरेची वेधशाळा तिथल्या जुन्या किल्ल्यात होती. १८५७ च्या थोडे आधी तो किल्ला एका सरकारी ठेकेदाराला विकला गेला आणि त्याने दगडविटांसाठी तो पाडला. पाचांपैकी एक केंद्र अशा रीतीने शब्दशः भंगारात गेले. निर्लेखनाच्या यादीवर सही कोणाची होती हे इतिहासाने नोंदवलेले नाही, एवढेच त्या सही करणाराचे भाग्य. दिल्लीच्या जंतरमंतरभोवती पुढे उंच इमारती उभ्या राहिल्या. यंत्र शाबूत असून सूर्यच अडला, तर वेध कसला घेणार?

उज्जैनचे केंद्र पडझड होऊन पडले होते. १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी त्याची दुरुस्ती करविली आणि 'जिवाजी वेधशाळा' या नावाने ते पुन्हा चालू झाले. मराठी वाचकाला येथे थोडा अभिमान वाटला तर तो अस्थानी नाही, कारण या वेधशाळेचे अधीक्षकपद भूषविणारे आणि 'सर्वानंदकरण' हा गणिताचा ग्रंथ लिहिणारे गोविंद सदाशिव आपटे हे आपलेच. (या नियतकालिकाच्या कानडी विभागाच्या संपादकांनी रागावू नये. भास्कराचार्य उज्जयिनीच्या वेधशाळेचे प्रमुख होते अशी परंपरा आहे, आणि त्यांचे 'विज्जडविड' गाव विजापूर की खानदेशातले पाटण, हा वाद मी या अंकात उकरून काढणार नाही.)

हे 'पुन्हा चालू होणे' नीट समजून घ्यावयास हवे. पडकी भिंत बांधायला गवंडी पुरतो, पण सम्राटयंत्राची भिंत साधी भिंत नसते. तिची तिरपी कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर असावी लागते, म्हणजे क्षितिजाशी तिचा कोन त्या स्थळाच्या अक्षांशाएवढा, उज्जैनला २३ अंश १० कलांच्या आसपास, यावा लागतो. दोन्ही बाजूंच्या वर्तुळपादांवर तास-मिनिटांच्या रेघा तंतोतंत असाव्या लागतात. रेघ जरा सरकली तर यंत्र देखणे राहील, पण खोटे बोलेल. म्हणून अशा डागडुजीला गवंड्याच्या थापीबरोबर गणितज्ञाचे डोके लागते. आज तिथे गेलेल्याला सम्राट, नाडीवलय, दिगंश आणि भित्ति ही यंत्रे पाहता येतात; शंकुयंत्र ही नंतरची भर. शिवाय ही वेधशाळा १९४२ पासून दरवर्षी ग्रहस्थितीची पुस्तिका काढीत आली आहे. हे यंत्र पाहण्यासाठी आहेच, पण ते वापरण्यासाठीही आहे.

वापरायचे कसे, याचे एक उदाहरण देतो, कारण विज्ञानशाखेच्याही पुष्कळ विद्यार्थ्यांना ते येत नाही असा अनुभव आहे. सम्राटयंत्राच्या सावलीवरून येते ती उज्जैनची स्थानिक सौर वेळ. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे. वेधशाळेचा रेखांश ७५ अंश ४६ कला. फरक ६ अंश ४४ कला. दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने २६ मिनिटे ५६ सेकंद. तेवढी मिळवली तरी घड्याळाशी मेळ बसत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा अक्ष कललेला असल्यामुळे खरा सूर्य कधी पुढे पळतो, कधी मागे रेंगाळतो. नोव्हेंबरच्या आरंभी तो सोळा मिनिटांनी पुढे असतो, म्हणून तेव्हा सावलीच्या वेळेत सुमारे अकराच मिनिटे मिळवावी लागतात. फेब्रुवारीच्या मध्यास तो चौदा मिनिटे मागे असतो, तेव्हा एक्केचाळीस. हा हिशेब पुस्तकात वाचला तर परीक्षेपुरता टिकतो. सावली रेघेवर पाहून, मनगटावरच्या घड्याळाशी ताडून, फरक का पडला म्हणून डोके खाजवून एकदा केला तर तो जन्मभर जात नाही. २१ जूनच्या मध्यान्ही तिथे शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते, कारण कर्कवृत्त अगदी जवळून गेले आहे. तीही पाहण्यासारखी.

आता कोणी म्हणेल, वेळ तर फोनवर दिसते, सूर्याचे स्थान संगणक सांगतो, मग हे दगड कशाला? हाच आक्षेप लघुसंगणकांच्या बाबतीत अधिक जोराने घेतला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९९० च्या दशकापासून 'सिमएच' नावाचा एक कार्यक्रम उपलब्ध आहे. त्याच्या साह्याने कोणताही साधा संगणक पीडीपी-११ चे किंवा व्हॅक्सचे सोंग हुबेहूब आणू शकतो. तळहाताएवढ्या स्वस्त यंत्रावर तो चालतो आणि हेकनेटवरही असे सोंगाडे यंत्र जोडता येते. मग अर्धा खोलीभर पत्रा कशाला तापवायचा? वीज किती लागते, जागा किती अडते!

माझे उत्तर असे, की आक्षेप निम्मा बरोबर आहे. ज्या महाविद्यालयात छप्पर गळते तिथे खरे व्हॅक्स आणून ठेवा असे सांगणारा माणूस शहाणा नव्हे. तिथे सोंगापासूनच आरंभ करावा. त्याला खर्च जवळजवळ नाही. पण सोंग वठवायला मूळ पात्र कुणीतरी पाहिलेले असावे लागते. असा कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी तो छापील पुस्तकांवरून लिहिला, आणि जिथे पुस्तक मुके झाले तिथे खऱ्या यंत्राला विचारले. उद्या शंका आली तर निवाडा कोण देणार? शिवाय यंत्राचा एक भाग असा आहे की ज्याचे सोंग आणताच येत नाही: तापलेल्या पट्टीचा वास, डिस्क वेग घेताना बदलत जाणारा सूर, आणि बिघाड शोधण्याची ती पद्धत, ज्यात माणूस ऑसिलोस्कोपचे टोक एकेका बिंदूवर ठेवीत 'येथपर्यंत ठीक, येथून पुढे नाही' असे म्हणत जातो. आजच्या एका चिपमध्ये कोट्यवधी ट्रान्झिस्टर असतात. तिथे टोक कुठे ठेवणार? संगणक कसा विचार करतो हे हाताने चाचपून पाहता येईल असे यंत्र याच पिढीचे, त्याच्यानंतरचे नाही. प्रत्येक जिल्ह्यात असे एक यंत्र नको, पण राज्यात दोन-तीन ठिकाणी चालते असावे, आणि बाकीच्यांनी तारेने त्याच्याशी जोडून घ्यावे. जाळ्याचा खरा उपयोग हाच आहे.

ही सर्व दूरदेशीच्या रिकामटेकड्यांची गोष्ट आहे असे वाटत असेल, तर उज्जैनचे रेल्वे-तिकीट काढून पाहावे. आपली संगणकीकृत आरक्षणव्यवस्था १९८५-८६ मध्ये नवी दिल्लीत सुरू झाली ती व्हॅक्स यंत्रांवर, आणि ती रचली 'कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन' या सरकारी संस्थेने. या संस्थेच्या नावातच देखभाल आहे. १९७८ मध्ये आय.बी.एम. भारतातून निघून गेली तेव्हा तिची यंत्रे येथेच राहिली, आणि पोरक्या झालेल्या त्या यंत्रांची देखभाल या संस्थेच्या अभियंत्यांनी पत्करली. निर्माता पाठीशी नसताना यंत्र चालते ठेवण्याची विद्या आपल्याकडे अशी नाइलाजाने, पण उत्तम रीतीने आली होती. पुढे १९९९ मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही आरक्षणाची पाच केंद्रे एका जाळ्यात बांधली गेली. जयसिंहाचीही पाच होती, हा योगायोग. त्यात गूढ शोधू नये. आणि २०२५ साली नव्या आरक्षणव्यवस्थेची माहिती देताना रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितले की चालू व्यवस्था २०१० मधली असून इटॅनियम सर्व्हरवर आणि ओपन-व्हीएमएस या कार्यप्रणालीवर चालते. व्हीएमएस म्हणजे व्हॅक्सबरोबर १९७७ मध्ये जन्मलेली कार्यप्रणाली. इटॅनियम चिप पाठवणे इंटेलने २०२१ मध्ये बंद केले होते.

म्हणजे कोट्यवधी लोकांचा प्रवास ज्या विद्येवर अवलंबून राहिला, ती विद्या आपल्या कोणत्या अभ्यासक्रमात होती? डेक कंपनी १९९८ मध्ये कॉम्पॅकने घेतली, कॉम्पॅक २००२ मध्ये एच.पी.ने. एच.पी.ने २००९ च्या सुमारास व्हीएमएसचे काम बंगळूरला आणले, म्हणजे कानडी मुलखातल्या अभियंत्यांनी काही वर्षे ही प्रणाली जोपासली. २०१४ पासून 'व्हीएमएस सॉफ्टवेअर' नावाची निराळी कंपनी ती पुढे नेऊ लागली. पितृगृह बदलले, दत्तक गेली, पुन्हा दत्तक गेली, पण मेली नाही. परदेशातही अशीच स्थिती आहे. कॅनडात २०१३ मध्ये अणुवीजकेंद्रांतल्या पीडीपी-११ साठी कार्यक्रम लिहिणारा माणूस हवा म्हणून शोध चालला होता, आणि ती यंत्रे २०५० पर्यंत चालवण्याचा विचार होता. असा माणूस कोणत्या विद्यापीठातून यावा? तो हौशांच्या मंडळातूनच येणार.

आणि नेमक्या या हौशांच्या वाटेत काटे पसरले जात आहेत. व्हीएमएस वापरायला परवान्याची किल्ली लागते. १९९७ पासून हौशी लोकांना ती फुकट मिळे, दर वर्षी नवी करावी लागे. ही सोय बंद करीत असल्याचे मालक कंपनीने २०२० मध्ये जाहीर केले. शेवटच्या किल्ल्या २०२१ च्या अखेरीपर्यंतच्या. नव्या कंपनीच्या हाती व्हॅक्सवरच्या व्हीएमएसचे हक्क नाहीत, आणि तिने आपल्या यंत्रांसाठी दिलेली सवलतही २०२४ मध्ये आखडती घेतली. व्हॅक्स दुरुस्त आहे, कार्यप्रणाली फितीवर आहे, माणूस तयार आहे, फक्त कायद्याने हात बांधलेले. जी वस्तू कंपनी विकत नाही, दुरुस्त करीत नाही आणि जिच्यातून तिला दमडी मिळत नाही, ती दुसऱ्याने स्वतःच्या घरी, शिकण्यासाठी चालवण्यात कोणाची चोरी होते, हे मला कोणी समजावून सांगावे. युनिक्सच्या जुन्या आवृत्त्यांचे हक्क ज्यांच्याकडे होते त्यांनी २००२ मध्ये त्या खुल्या केल्या. त्यांचे काही बिघडले नाही आणि विद्यार्थ्यांचा मोठा लाभ झाला. ऑस्ट्रेलियातील प्राध्यापक जॉन लायन्स यांनी १९७७ मध्ये सहाव्या युनिक्सवर लिहिलेले भाष्य कायद्याच्या धाकाने वर्षानुवर्षे फोटोकॉपीच्या रूपाने हातोहात फिरले आणि रीतसर छापले गेले ते १९९६ मध्ये. ज्ञान दडपले तरी फिरतेच. फक्त अंधूक होत जाते, कारण प्रतीची प्रत अंधूकच निघते.

२०२२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातून डेकनेटचा भाग काढून टाकण्यात आला. त्यात कोणाचे वैर नव्हते. सांभाळणारा कोणी उरला नव्हता. हेकनेटचे काम त्यामुळे अडले नाही. ती भाषा एका जाणकाराने पायथनमध्ये नव्याने लिहून ठेवलेली होती. सांभाळणारा असला की वस्तू टिकते आणि नसला की जाते, मग ती दगडाची असो की अक्षरांची.

धनवंताच्या औदार्यावर भिस्त ठेवून हे होणार नाही, याचे ताजे उदाहरण अमेरिकेतले आहे. मायक्रोसॉफ्टचे एक संस्थापक पॉल ॲलन यांनी सिॲटलला जुन्या संगणकांचे असे संग्रहालय उभारले की जिथे यंत्रे काचेआड नसत, चालू असत, आणि लोकांना हाताळता येत. २०१२ मध्ये ते उघडले. ॲलन २०१८ मध्ये वारले, २०२० मध्ये संग्रहालय बंद झाले, आणि २०२४ मध्ये कायमचे बंद झाल्याचे जाहीर होऊन त्यांच्या संग्रहातील वस्तू लिलावात निघाल्या. जयसिंहानंतर जे झाले तेच. याउलट हेकनेटमध्ये कोणीच राजा नाही. एकाने कंटाळून यंत्र बंद केले तर त्याचा पत्ता रिकामा होतो, जाळे राहते. उज्जैनची वेधशाळा टिकली तीही केवळ महाराजांच्या देणगीने नव्हे. देणगी एकदाच मिळाली. नंतर दर वर्षी कोणीतरी पगारदार माणूस पुस्तिकेचे गणित करीत राहिला, म्हणून ती टिकली.

आपल्या महाविद्यालयांत हौशी जाळे उद्या उभे राहील असे मी म्हणत नाही. मागणी अगदी लहान आहे. पुढच्या निर्लेखनाच्या यादीत संगणक असेल तर त्याच्या प्रकारातला एक, शक्य तर दोन (दुसरा सुट्या भागांसाठी), बाजूला काढावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुस्तके, आराखडे, फ्लॉपी आणि फिती रद्दीत घालू नयेत; यंत्र पुन्हा कुठेतरी मिळेल, त्याची पुस्तिका मिळणार नाही. टीडीसी मालिकेतील एखाद्या यंत्राचे कागद कोणाच्या माळ्यावर किंवा निवृत्त प्राध्यापकांच्या घरी असतील तर ते मागून आणावेत, आणि प्राध्यापक बोलत असतील तर तेही टिपून घ्यावे. पदार्थविज्ञान आणि संगणक या दोन विभागांनी मिळून एक कपाट ठेवावे. त्यात एक वही असावी. यंत्र कोणत्या तारखेला लावले, काय बिघडले, कशाने सुरू झाले, हे तिच्यात मराठीत किंवा कानडीत, ज्याला जे येईल त्यात, लिहावे. कपाटाच्या किल्ल्या दोन असाव्यात. एक विभागप्रमुखांकडे आणि दुसरी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे, दर वर्षी पुढच्या तुकडीला सोपवायची. तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडे देऊ नये. ती मार्चमध्ये परीक्षेला बसतात आणि किल्ली घेऊन गावी जातात.